मैदानावरचं गाणं ऐकायला जाताना: पास हातात पडल्यापासून गाडी रस्त्याला लागेपर्यंत

खान्देशात मोकळ्यावरच्या कार्यक्रमांचा हंगाम साधारण नवरात्रात सुरू होतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास आटोपतो. त्याआधी पाऊस असतो, त्यानंतर ऊन. जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांना टेकला की रात्री आठलाही मैदानाची जमीन तापलेलीच असते, म्हणून उन्हाळ्यात शहाणा आयोजक सभागृह शोधतो. उरलेल्या पाच-सहा महिन्यांत मात्र संगीत, नृत्य, कविसंमेलनं, खाद्यमहोत्सव, बचतगटांची प्रदर्शनं असं बरंच काही एका मांडवाखाली मिळतं, तेही बहुतेकदा फुकट किंवा अगदी थोडक्या पैशांत. तरीही परतताना ऐकू येतं ते असं: काही समजलंच नाही, पोरं गारठली, गाडी काढायलाच तास गेला. कलाकार चांगला असूनही संध्याकाळ वाया जाते, कारण कधी निघायचं, गाडी कुठं लावायची आणि कुठं बसायचं हे आधी ठरवलेलं नसतं. यातला बसण्याचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि लोक सर्वांत कमी विचार करतात तो त्याचाच.

आधी मैदान ओळखा

जळगावात मोठ्या गर्दीचे कार्यक्रम मुख्यतः सागर पार्कवर किंवा शिवतीर्थ मैदानावर होतात. शिवतीर्थाला जुनी मंडळी अजून जी. एस. ग्राउंडच म्हणतात, त्यामुळे पासवर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं नाव आलं तर गोंधळू नका. हिवाळ्यातल्या बहिणाबाई महोत्सवासारखा कार्यक्रम सागर पार्कवर असतो तेव्हा एका बाजूला मंच, दुसऱ्या बाजूला स्टॉल आणि मध्ये फिरणारी गर्दी, अशी मांडणी होते. म्हणजे सगळेच ऐकायला आलेले नसतात, आणि हे जागा निवडताना लक्षात ठेवावं लागतं.

पहाटेच्या मैफली आणि छोटे कार्यक्रम महात्मा गांधी उद्यान, काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान अशा ठिकाणी शोभतात. तिथं हिरवळ आहे, झाडं आहेत, धूळ कमी आहे. धुळ्यात गरुड मैदान, तर नंदुरबारकडे गुजरातची हद्द लागून असल्यानं नवरात्रातला गरबा हाच मोकळ्यावरचा सर्वांत मोठा सोहळा. जागा मैदानाची आहे की उद्यानाची, यावर तुमची अर्धी तयारी ठरते. मैदानावर मुरूम आणि धूळ, उद्यानात दव आणि डास. खुलं नाट्यगृह असेल तर सिमेंटच्या पायऱ्या, आणि डिसेंबरात त्या पायऱ्यांवर नुसतं बसणं म्हणजे कंबरदुखीला आमंत्रण.

पासवरची वेळ उलटी वाचा

निमंत्रण पत्रिकेवर ‘सायंकाळी ६ वाजता’ लिहिलेलं असतं. ही वेळ बहुधा उद्घाटनाची असते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचे सत्कार, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगतं यात पाऊण ते सव्वा तास सहज जातो. मग गाणं नेमकं कधी सुरू होणार? याचं उत्तर शेवटाकडून मागे मोजल्यावर मिळतं.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुभा रात्री १२ पर्यंत वाढवता येते, आणि ते दिवस जिल्हाधिकारी आधीच जाहीर करतात. गणेशोत्सव-नवरात्रातले बरेचसे दिवस त्यात असतात. म्हणजे तुमचा कार्यक्रम जानेवारीतल्या साध्या शनिवारी असेल तर १० ला भोंगे बंद. मुख्य कलाकाराला दोन तास हवे असतील तर त्याला ८ च्या आत मंचावर यावंच लागतं. नाव मोठं असेल तर त्याआधी साउंडवाले पंधरा-वीस मिनिटं माइक तपासतात. यावरून आमचा ठोकताळा असा:

पत्रिकेवर ६ असेल आणि जागा राखीव नसेल, तर ६ लाच पोचा. पहिल्या तासाभरात चांगल्या खुर्च्या संपतात. भाषणं ऐकणं ही त्या खुर्चीची किंमत समजा. जागा राखीव असेल तर ७ ला पोचलात तरी काही बिघडत नाही, फक्त ७.३० च्या पुढे जाऊ नका. राखीव रांगा रिकाम्या दिसल्या की स्वयंसेवक मागच्यांना पुढे सरकवतात, आणि मग पास दाखवून कोणालातरी उठवण्याचा नको तो प्रसंग येतो.

दिवाळी पहाट किंवा पाडवा पहाटेचा हिशेब याच नियमानं उलटा होतो. भोंगा नियमाप्रमाणे ६ नंतरच सुरू होतो, पण चांगली जागा हवी तर पावणेसहाला उद्यानात असायला हवं. ऊन चढेपर्यंतच मैफल रंगते. साडेआठनंतर लोक फराळाच्या ओढीनं उठू लागतात, त्या उठाबशीत भैरवी ऐकायची असेल तर जागा पहिल्या काही रांगांतच धरा.

पासाबद्दल एवढंच. फुकटचे पास बहुतेकदा आयोजकांच्या कार्यालयात, पुस्तकांच्या दुकानात किंवा प्रायोजकाच्या शोरूममध्ये तीन-चार दिवस आधी वाटतात, आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असं त्यावर असेल तर पास म्हणजे जागेची हमी नव्हे. तिकीट मोबाइलवर असेल तर क्यूआर कोडचा फोटो घरीच काढून ठेवा. प्रवेशद्वारावर हजार माणसं उभी असताना इंटरनेट चालेलच असं नाही. एका पासावर किती जण, लहान मुलांना वेगळा लागतो का, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचून निघा.

गाडी मैदानापासून लांब लावा

मैदानाला लागून असलेलं पार्किंग हा सापळा आहे. आत जाताना सोयीचं वाटतं, पण कार्यक्रम संपल्यावर सगळ्या गाड्या एकाच फाटकातून बाहेर पडतात आणि त्यात पायी निघालेली गर्दी मिसळते. दुचाकी असेल तर ३०० ते ४०० मीटरवर, चारचाकी असेल तर ७००-८०० मीटरवर, परतीच्या रस्त्याच्या दिशेला तोंड करून लावा. भुसावळकडे जाणाऱ्यानं मैदानाच्या भुसावळकडच्या बाजूला, धुळ्याकडे जाणाऱ्यानं धुळ्याकडच्या. आठ-दहा मिनिटं चालणं होतं आणि निघताना अर्धा तास वाचतो. गाडी लावल्यावर जवळच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढा. अंधारात सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. कोणाच्या फाटकासमोर, दवाखान्याच्या वाटेवर लावू नका. अशी गाडी उचलली गेली तर त्या रात्री सोडवणं अवघड.

बाहेरगावाहून रेल्वेनं येणाऱ्यांनी आधी परतीची गाडी बघावी, मग जाण्याची. पाचोरा, चाळीसगाव, भुसावळ मुख्य मार्गावर आहेत, तिथं रात्री उशिराही काहीतरी मिळतं. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार हे सुरत मार्गावरचे लोक मात्र गाडी चुकली तर अडकतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, त्यामुळे जाताना एसटी उत्तम. पण कार्यक्रम १० ला संपणार आणि तुमच्या तालुक्याची शेवटची बस त्याआधीच सुटणार असेल, तर चौघांत मिळून गाडी ठरवलेली बरी. परतीची रिक्षा असेल तर भाडं जातानाच बोलून घ्या.

पिशवीत काय

खान्देशातला हिवाळा फसवा असतो. दुपारी चारला पारा तिशीच्या आसपास असतो, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून लोक निघतात, आणि रात्री साडेनऊला तोच पारा पंधराच्या घरात उतरलेला असतो. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असल्यानं जमिनीतली ऊब भराभर निघून जाते. शहरातल्या गल्लीत हे जाणवत नाही, कारण भिंती दिवसभराची उष्णता धरून असतात. मोकळ्या मैदानावर तासाभरात फरक पडतो. शिवाय तीन तास न हलता बसायचं असतं. म्हणून स्वेटर घरून निघताना अंगात नसला तरी पिशवीत हवाच.

चार जणांच्या कुटुंबाला पुरेल अशी पिशवी:

– प्रत्येकी एक स्वेटर किंवा जाकीट, कानटोपी किंवा मफलर. दोघांत मिळून एक शाल. थंडी आधी कानाला आणि पायाला लागते, म्हणून चपलेऐवजी मोजे-बूट.
– खाली बसायचं असेल तर ६ बाय ४ फुटांची एक सतरंजी आणि तिच्याखाली घालायला तेवढाच प्लॅस्टिकचा कागद. कागद नसेल तर जमिनीची ओल आणि गारवा अर्ध्या तासात वर येतो.
– प्रत्येकी अर्धा लिटर पाणी. काही ठिकाणी बाटली आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे स्टीलची जड बाटली नको. फेकावी लागली तर जीव जळणार नाही अशी न्या.
– जुना टॉवेल. पहाटेच्या कार्यक्रमात खुर्च्या दवानं ओल्या असतात, तेव्हा हा सोन्यासारखा उपयोगी पडतो.
– डासांचं मलम. मेहरूण तलावाच्या बाजूला किंवा कुठल्याही उद्यानात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत डास जास्त. मोजे असूनही घोट्याला लावा.
– छोटी टॉर्च, भरलेली पॉवर बँक, शंभर-दोनशेचे सुटे पैसे. गर्दीत यूपीआय अडकतं.
– धुळीचा त्रास असणाऱ्यांना मास्क, दमा असेल तर पंप. हा पंप पिशवीत नको, खिशातच हवा.

घडीच्या खुर्च्या, मोठ्या छत्र्या, काचेचे डबे घरीच ठेवा. छत्री उघडली की मागच्या दहा जणांचं दिसणं बंद होतं, आणि प्रवेशद्वारावरही ती बहुधा काढून घेतात.

बसायचं कुठं

मैदानात शिरल्यावर मंचाकडे धावत सुटायच्या आधी दोन मिनिटं उभं राहून चार गोष्टी शोधा: स्पीकरचे मनोरे, साउंडवाल्यांचा मिक्सर, जनरेटर आणि हवेची दिशा.

मिक्सर सोपा. खुर्च्यांच्या मधोमध, मंचापासून साधारण २० ते ३० मीटरवर, लोखंडी नळ्यांचा छोटा तंबू असतो, त्यात बटणांचा लांबलचक बोर्ड घेऊन माणूस बसलेला दिसतो. हा माणूस आवाज त्याच्या कानानं जुळवतो. गायकाचा गळा, तबला, हार्मोनियम यांचा समतोल त्याच्या जागेवर सर्वांत नेटका असतो. म्हणून मिक्सरच्या पुढे चार-पाच रांगा, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे किंवा उजवीकडे, ही मैदानातली उत्तम जागा. मिक्सरच्या थेट मागे बसू नका. आवाज चांगला येतो, पण तंबू आणि त्यातली माणसं आडवी येतात. सोफ्यांच्या राखीव रांगा मंचाजवळ असतात खऱ्या, पण तिथं मान वर करून बसावं लागतं आणि आवाज बाजूच्या मनोऱ्यांतून डोक्यावरून जातो. आमच्या मते मान्यवरांना मैदानातली सर्वांत वाईट श्राव्य जागा मिळते, फक्त त्यांना ते कोणी सांगत नाही.

याला अपवाद शास्त्रीय गायनाच्या भारतीय बैठकीचा. वाद्यं कमी आणि आवाज मर्यादित असेल, गाद्या घातल्या असतील, तर जितकं पुढे तितकं छान. तिथं तानपुऱ्याचा नाद आणि गायकाचा श्वासही ऐकू येतो.

स्पीकरपासूनचं अंतर वाढलं की आवाज किती घटतो याचा एक सरळ हिशेब आहे. साध्या स्पीकरच्या जोडीपासून अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. ५ मीटरवर १०० डेसिबल असेल तर १० मीटरवर ९४, २० वर ८८, ४० वर ८२. मोठ्या कार्यक्रमात केळीच्या घडासारखी वाकडी माळ करून टांगलेले स्पीकर असतात, त्यांचा आवाज अंतराबरोबर यापेक्षा कमी घटतो, म्हणून मागेही नीट ऐकू येतं. टांगलेली माळ दिसली तर मागच्या जागेची फार चिंता करू नका. मंचाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर नुसते खोके रचलेले दिसले, तर पुढचे बहिरे होणार आणि मागच्यांना कमी ऐकू येणार हे धरूनच जागा निवडा. जमिनीवरचे मोठे काळे खोके हे ढोलकी-बासचा घणघणाट देणारे असतात. ते दोन बाजूंना असले की मध्यरेषेवर सर्वांत जास्त ठोके बसतात आणि दोन पावलं बाजूला सरकलं की मऊ होतात. छातीत धडधड नको असेल तर मधोमध बसू नका.

काही वेळा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मागे मोठी इमारत किंवा भिंत असली की असं होतं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुमच्या मागे ५० मीटरवर भिंत असेल तर तिच्यावर आपटून येणारा आवाज जवळपास ०.३ सेकंद उशिरा पोचतो आणि बोललेलं कळेनासं होतं. गाण्यात ते एक वेळ खपतं, कवितावाचनात आणि निवेदनात नाही. तेव्हा दहा-पंधरा पावलं बाजूला किंवा पुढे सरका. बरेचदा तेवढ्यानं भागतं.

हवेची दिशा पाहायला मंचावरच्या झेंड्यांकडे किंवा फ्लेक्सकडे बघा. वारा मंचाकडून तुमच्याकडे येत असेल तर आवाज खाली वळतो आणि लांबवर स्पष्ट जातो. वारा उलटा असेल तर आवाज वर उचलला जातो, आणि मागच्या अर्ध्या मैदानात तो येतो-जातो. वारा आडवा असेल तर ज्या बाजूला वाहतो त्या बाजूची जागा घ्या, पण जनरेटर त्याच रेषेत नाही ना ते आधी पाहून. डिझेलचा धूर आणि घरघर तीन तास सोसणं अशक्य. हॅलोजनखालची जागाही टाळा. किडे तिथंच जमतात.

रात्र थंड होत गेली की आणखी एक गंमत होते. जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेनं उबदार राहते, त्यामुळे वर जाणारा ध्वनी परत खाली वळतो आणि दूरच्या कॉलन्यांत मैदानातल्याइतका स्वच्छ ऐकू येतो. निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहा वाजले की पोलिसांना फोन जातात ते यामुळे, आणि निवेदक शेवटची दोन गाणी घाईत आटपतो तेही.

कान आणि लहान मुलं

८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा कानाच्या सुरक्षिततेचा ढोबळ हिशेब आहे. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं होतात. ऑर्केस्ट्रा किंवा डीजे असलेल्या कार्यक्रमात स्पीकरपाशी हा आकडा सहज गाठला जातो. मोबाइलवरचं मोजमापाचं अॅप अचूक नसतं, पण अंदाजाला पुरे. त्याहून सोपी खूण अशी की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर मागे सरका.

औषधाच्या दुकानात फोमचे कानबोळे स्वस्तात मिळतात. लावण्याची पद्धत चुकली तर ते निरुपयोगी. आधी बोटांत फिरवून काडीसारखे बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटानं धरून ठेवा. कापसाचा बोळा जवळजवळ काहीच अडवत नाही. लहानग्यांच्या कानात फोम घालू नका, काढून तोंडात घालतात. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे कानझाकणे मिळतात. तेही नसतील तर मूल घेऊन मिक्सरच्या मागेच बसा, कडेच्या खुर्चीवर, म्हणजे रडू लागलं तर पटकन बाहेर पडता येतं.

मुलाच्या खिशात पालकाचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, किंवा मनगटावर पेननं लिहा. चुकलं तर निवेदकाच्या टेबलाशी जायचं, हे त्याला पोचल्याबरोबर ते टेबल दाखवूनच सांगा.

खाणं, पाणी, शौचालय

खाद्यमहोत्सव असेल तर भरीत-पुरी, कळण्याची भाकरी, शेवभाजी, मांडे यांच्या रांगा ८ ते ९ या वेळेत सर्वांत लांब असतात. उलटं करा. भाषणं चालू असताना, म्हणजे पावणेसातला, एकाला जागा धरायला बसवून बाकीच्यांनी खाऊन घ्या. भरीत ताजं कुठं ते धुरावरून कळतं: वांगी तिथंच काट्याकुट्यांवर भाजली जात असतील तर तो स्टॉल खरा, पातेल्यातलं आधीचं भरीत असेल तर पुढे चला. मांड्यांना वेळ लागतो, घाई असेल तर नादी लागू नका. शेवभाजीचा रस्सा झणझणीत असतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी चमचाभर चाखू द्या.

फिरती शौचालयं मैदानाच्या एका कोपऱ्यात असतात. मध्यंतरात तिथं जाण्यात अर्थ नाही; गाणं सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी रांग संपलेली असते.

गर्दी वाढली तर

चुकामूक होणार हे गृहीत धरा. मोबाइल असूनही होते, कारण हजारो माणसं एका टॉवरवर आली की कॉल लागत नाही. साधा एसएमएस त्यातल्या त्यात जातो. आधीच दोन गोष्टी ठरवा: भेटायची जागा आणि वेळ. जागा प्रवेशद्वार नको, तिथंच लोंढा असतो. बाहेरचं एखादं ठळक दुकान, पुतळा किंवा पेट्रोल पंप धरा.

प्रसिद्ध गायक आला की मंचासमोरच्या मोकळ्या पट्ट्यात तरुण पोरं घुसतात. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांपर्यंत दाटी चालून जाते, त्यापुढे धोका. तुम्हाला न चालता ढकललं जातंय किंवा हात चेहऱ्यापर्यंत उचलता येत नाहीये, हे जाणवलं की गाणं कितीही आवडीचं असो, निघा. दोन्ही हात छातीपुढे, कोपर बाहेर, म्हणजे श्वासाला जागा राहते. गर्दीच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरली की तिरकं-तिरकं कडेकडे सरका. पडलेला मोबाइल उचलायला वाकू नका. बॅरिकेडला आणि भिंतीला टेकून राहू नका, सगळा दाब तिथंच येतो. पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन डोकं हातांनी झाका. कोणाला त्रास झाला तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि त्याआधी जवळचा पोलीस, कारण रुग्णवाहिका बहुतेकदा मंचामागेच उभी असते.

अवकाळी आलं तर

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीची भीती असते. पावसापेक्षा वारा घातक. मंचाचा लोखंडी सांगाडा, एलईडी पडदा, टांगलेले स्पीकर, स्वागत कमानी हे सगळं शिडासारखा वारा धरतं. कापड फडफडू लागलं, कमानी हलू लागल्या की आयोजकांच्या घोषणेची वाट न पाहता मांडवाच्या आणि दिव्यांच्या खांबांच्या उंचीपेक्षा लांब व्हा. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर मोकळ्या मैदानात थांबणं सुरक्षित नाही. झाडाखाली आणि मांडवात नको, पक्क्या इमारतीत किंवा काचा लावलेल्या चारचाकीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर येऊ नका. ओल्या जमिनीवर पसरलेल्या वायरींपासून लांब राहा. काळ्या मातीचं मैदान असेल तर चार सरी पुरतात, मग बुटाला किलोभर चिखल येतो आणि चारचाकी रुतते. गाडी डांबरी कडेला लावलेली असली तर हा प्रश्नच येत नाही.

सारंगखेड्याची गोष्ट वेगळी

दत्तजयंतीला शहादा तालुक्यात तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोड्यांचा बाजार आणि चेतक फेस्टिव्हलचे सांस्कृतिक कार्यक्रम तिथं एकाच वेळी चालतात. हे शहरातलं उद्यान नव्हे. मार्गशीर्ष पौर्णिमेची थंडी आणि नदीकाठ, तेव्हा वरच्या यादीतले गरम कपडे दुप्पट करा. सकाळी घोड्यांचा बाजार, दुपारी दर्शन, संध्याकाळी मंच असा क्रम ठेवला तर पायपीट कमी होते. घोड्यांच्या मागून कधीही जाऊ नका, लहान मुलांना तर अजिबात नाही. पुढून किंवा कडेनं, अंतर ठेवून. रेल्वेनं आलात तर दोंडाईच्याला उतरून पुढे रस्त्यानं जावं लागतं.

निघताना

दोनच वेळा चांगल्या: शेवटच्या गाण्याच्या दहा मिनिटं आधी, किंवा संपल्यावर वीस मिनिटांनी. मधली वेळ सगळ्यांची असते. थांबायचं ठरवलंत तर स्टॉलवर चहा घ्या, या वेळी रांग नसते.

रात्रीच्या रस्त्यावर मात्र घाई नको. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव-भुसावळ हा राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा ६. नोव्हेंबर ते जानेवारीत त्यावर आणि आतल्या रस्त्यांवर कापसानं भरलेले ट्रॅक्टर असतात. ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना फुगलेला कापूस आणि मागे रिफ्लेक्टर नाही. रावेर-यावलकडून केळीचे ट्रक, शहाद्याकडे उसाच्या गाड्या. समोरून गाडी आली की तिच्या प्रकाशात पुढची ट्रॉली दिसत नाही, म्हणून वेग ताशी ६० च्या आत ठेवा आणि दिवे खाली घ्या. चालवणाऱ्यानं कार्यक्रमात पोटभर जेवू नये, झोप येते. दुचाकीवर असाल तर गाडीत बसणाऱ्यांपेक्षा एक थर जास्त घाला, जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी वारा अडतो.

घरी पोचल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती बहुधा सकाळपर्यंत जाते. तोवर हेडफोन लावू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही वाजत राहिली किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जा. अशा वेळी आठवडाभर वाट पाहिली तर उपचाराचा उपयोग कमी होतो.